चिनी कापडवाल्याचे साडेअकरा रुपये



मागच्या वेळी लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात कशा ठेवायच्या ते लिहिलं होतं. त्यावर एका ताईंनी विचारलं, "चिनी मातीची बरणी म्हणजे चीनमधून आलेली का हो?" आता बरण्या आपल्याकडेच होतात, पण असली भांडी करण्याची विद्या मूळची चीनची. आपण मारवाडी घरांत साखरेला चिनी म्हणतो, तो शब्दही चीनवरूनच पडला. म्हणजे रोज सकाळी चहाच्या डब्यात चमचा घातला की चीनचं नाव तोंडी येतं. त्या देशाशी आपला काही संबंध आहे असं मात्र कधी मनात येत नाही.

आमच्या घराचा संबंध आहे. तोही उधारीचा. आज त्याबद्दल लिहिते.

आमचं घर डिंगोऱ्यात. खाली किराणा आणि थोडं कापड, मागे आणि वर राहणं. गावात आपल्या समाजाची घरं बोटांवर मोजण्याइतकीच. माझ्या दादीसासूबाई, म्हणजे दादीजी, जुन्या वह्या फेकू द्यायच्या नाहीत. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या लांबट वह्या माळ्यावरच्या पेटीत बांधून ठेवलेल्या असायच्या. त्यांपैकी 1962 सालच्या वहीत एक खातं आहे. नाव नाही, नुसतं 'चिनी कापडवाला'. पुढे, 'देणे 11 रुपये 50 नये पैसे'. त्याखाली पान कोरं.

त्या काळी चिनी फेरीवाले सायकलवर गाठोडं बांधून गावोगाव फिरायचे. आजच्या मुलींना हे खरं वाटणार नाही, पण सत्तरीपुढच्या बायकांना विचारा. ओतूरच्या बाजारात यायचे, तिथून आजूबाजूच्या गावांत. 'चायना सिल्क' म्हणून पातळ, मऊ कापड विकायचे, हिंदी मोडकंतोडकं बोलायचे आणि उधारी ठेवायचे. आमच्याकडे येणारा दारात बसून पाणी प्यायचा. कात्री स्वतःची, गज मात्र आमच्या दुकानातला वापरायचा, म्हणजे मापाबद्दल वाद नको. दादीजींनी त्याच्याकडून पोलक्यांसाठी कापड घेतलं. निम्मे पैसे दिले, निम्मे पुढच्या फेरीला द्यायचे ठरले.

दिवाळी जवळ आली आणि लढाई सुरू झाली. 20 ऑक्टोबर 1962. महिनाभरात आपलं सैन्य मागे आलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि गावोगाव संरक्षण निधी गोळा होऊ लागला. दादीजींनी कानातली एक जोडी काढून दिली. हे त्या अभिमानाने सांगायच्या. आणि लगेच पुढे म्हणायच्या, "पण त्या कापडवाल्याचे पैसे राहिले गं."

तो पुन्हा आलाच नाही.

पुढे दोन वर्षांनी विहारात महासतीजी गावात थांबल्या. रेशमासाठी कोषातले जीव जिवंत उकळतात हे त्यांच्या व्याख्यानात ऐकलं आणि दादीजींनी रेशमाचे पच्चक्खाण घेतले. ते कापड तसंच न शिवता पेटीत राहिलं. अंगावर घालायचं नाही, दुसऱ्याला द्यावं तर जीवहिंसेचं कापड कशाला द्या, आणि मुख्य म्हणजे पैसे पुरे दिलेले नाहीत, तर ते आपलं तरी कसं? कापड परत करायचं होतं त्यांना. शेवटच्या आजारपणातसुद्धा, बारा वर्षांपूर्वी, त्यांनी माझ्या सासूबाईंना ती वही दाखवून सांगितलं होतं. अदत्तादानाचं व्रत आपण सगळ्याच म्हणतो, पण साडेअकरा रुपयांसाठी पन्नास वर्षं झुरणारं माणूस मी एकच पाहिलं.

तर या फेब्रुवारीत माझ्या नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती मुलुंडला राहते, आर्किटेक्चर शिकते. म्हणाली, "मामी, आमचे काही मुलंमुली मिळून रविवारी भायखळा ते माझगाव चालत जुन्या इमारती दाखवणार आहोत. शेवटी माझगावचं चिनी देऊळ आहे. तुम्ही त्या कापडवाल्याचं सांगायचात ना? या की."

मुंबईत चिनी देऊळ आहे हे मला माहीतच नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. आणि तिथं कुणी भेटलं तर वहीचं विचार."

शनिवारी दुपारी डिंगोऱ्याहून कल्याणची एसटी धरली. वहीचं पान आणि कापड यांचे मोबाईलवर फोटो काढून घेतले होते. माळशेज उतरताना मनात येत होतं, आपल्या तालुक्यातले कितीतरी पुरुष याच रस्त्याने मुंबईला गोदीत, बाजारात कामाला गेले. गावकीच्या एका खोलीत वीस-वीस जण पाळीने झोपले. हे आठवण्याचं कारण पुढे येईल.

रविवारी सकाळी सात वाजता भायखळा स्टेशनपासून फेरी सुरू झाली. आम्ही चौदा-पंधरा जण. बाकी सगळे तरुण, पायात बूट, मी एकटी साडीत, पाण्याची बाटली आणि चौविहार सुटायच्या वेळेचा खाखऱ्याचा डबा घेऊन.

पहिला थांब आपलाच निघाला. स्टेशनच्या पूर्वेला शेठ मोतीशा लेनमधलं आदेश्वर दादांचं देरासर. या गल्लीला पूर्वी लव्ह लेन म्हणायचे. आम्ही स्थानकवासी, त्यामुळे पूजेचा विषय नाही, पण मंदिरमार्गी नातेवाइकांकडच्या लग्नकार्यात देरासरात जाणं होतंच. तुमच्यापैकी मुंबईकर बायकांना हे ठिकाण सांगायला नको. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाला जाता येत नाही ते इथे येऊन भावयात्रा करतात, त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

हे देरासर मोतीशा शेठ यांनी, म्हणजे मोतीचंद अमीचंद यांनी बांधलं. 1820 च्या दशकाच्या अखेरीचं. तेव्हा हा भाग शहराबाहेर, बागांचा होता. भाचीने दाखवलं की हे काम शत्रुंजयावरच्या मंदिराची आठवण ठेवून केलंय, म्हणजे घरबसल्या पालीताण्याचं दर्शन व्हावं. पालीताण्याला ज्यांनी मोतीशा टुंक पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की तिथे दोन शिखरांमधली कुंतासरची खोल दरी भरून काढून त्यावर मंदिरं उभी केली. ती पुरी व्हायच्या आत, 1836 मध्ये शेठ गेले. प्रतिष्ठा मुलाने केली. मुंबईचं पांजरपोळ 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या जोडीने सुरू केलं तेही त्यांनीच.

इथपर्यंत सगळं मला ठाऊक होतं. मग एका मुलाने विचारलं, "एवढा पैसा कुठून आला?" भाची क्षणभर माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "जहाजांतून. चीनच्या व्यापारातून. कापूस आणि अफू."

खरं सांगते, मला राग आला. देरासराच्या दारात उभं राहून हे बोलायचं? पण ती उगाच बोलत नव्हती. मुंबईच्या अफूच्या व्यापाराचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात जमशेटजींच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे नाव येतं. माळव्यात अफू पिकायची, आपल्याच राजस्थानी-गुजराती सावकारांचा पैसा त्यात असायचा, साठेक किलोच्या पेट्या मुंबईला यायच्या आणि इथून जहाजांनी कँटनला जायच्या. चीनच्या बादशहाने बंदी घातली होती, तरी जायच्या. कंपनी सरकारच त्यात सगळ्यांत मोठं होतं. पारशी, कोकणी मुसलमान, गोव्याकडचे ख्रिस्ती, जैन, सगळ्या समाजांतले मोठे लोक होते. तेव्हा तो धंदा प्रतिष्ठेचा होता.

मला एक लहानपणी ऐकलेली कथा आठवली. शेठचं चीनला निघालेलं जहाज संकटात सापडलं, तेव्हा त्यांनी संकल्प केला की ते वाचलं तर त्याची सगळी कमाई शत्रुंजयावर लावीन. जहाज वाचलं आणि दरी भरली. ही कथा मी स्वतः मुलांना पाठशाळेत सांगितली आहे. जहाजात काय होतं हे ना मी विचारलं, ना मुलांनी.

आपण प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या पाठात पंधरा कर्मादान म्हणतो. ज्या धंद्यांतून फार पाप लागतं असे श्रावकाने न करायचे पंधरा धंदे. त्यात विषवाणिज्य आहे. म्हणताना माझी गाडी इतकी वेगात असते की कोळसे, जंगलतोड, हस्तिदंत, लाख, रस, केस, विष हे सगळं एका श्वासात संपतं. मनात असं असतं की आपण कुठे विष विकतोय? आपलं किराणा दुकान. आणि दुकानात तंबाखूच्या पुड्यांची माळ टांगलेली असायची, ती माझ्या सासऱ्यांनी 1990 च्या सुमारास दादीजींच्या हट्टाने काढली तोपर्यंत.

मोतीशा शेठना मी नावं ठेवत नाही. आपण सगळे त्यांच्या दानाचे ऋणी आहोत, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा न्याय करणारी मी कोण. पण त्या दारातून निघताना पाय जरा जड झाले एवढं खरं.

पुढे ग्लोरिया चर्चवरून माझगावच्या दिशेने चालत गेलो. वाटेत म्हातारपाखाडी नावाचं ख्रिस्ती गावठाण पाहिलं. मुंबईच्या मध्यभागी लाकडी जिन्यांची, कौलारू, व्हरांड्यांची घरं. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा इथलेच. दोन घरांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल अशी बोळं. मला डिंगोऱ्याची वरची आळी आठवली. भाची म्हणाली, "मामी, जुनी वस्ती ओळखायची खूण सांगू? तिथे जिना घराच्या बाहेर असतो, म्हणजे येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो."

नवाब टँक रोडला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी आपली डोळ्यांनी उंच वळलेली छपरं, ड्रॅगन असं काहीतरी शोधत होते. तसं काही नाही. एक साधी दुमजली इमारत, लाल रंग नसता तर शेजारच्या घरासारखीच. हे सी यिप कून देऊळ, 1919 सालचं. मुंबईत राहिलेलं हे एकच.

इथे भाचीने जे सांगितलं ते मला फार आवडलं. 'सी यिप' म्हणजे चार परगणे. कँटनजवळचे चार शेजारशेजारचे परगणे, तिथले लोक हे. आणि 'कून' म्हणजे देऊळ नव्हे, सभागृह, वाडी. गावाहून आलेल्या आपल्या माणसाला उतरायला जागा, काम मिळेपर्यंत आधार, आजारपणात कुणीतरी बघणारं, आणि वरच्या मजल्यावर देव. जहाजांवरचे खलाशी, गोदीतले सुतार आणि इतर कारागीर या भागात राहायचे. त्यांनी वर्गणी काढून हे उभं केलं.

म्हणजे गावकीची खोलीच की! जुन्नर-ओतूरच्या माणसांच्या खोल्या याच गोदीच्या आसपास होत्या. आणि आपली धर्मशाळा तरी वेगळी कुठे असते? खाली उतारू, वर स्थानक. इमारतीला नक्षी नाही म्हणून नाराज झालेल्या मुलांना भाची म्हणाली, "हे श्रीमंतांनी बांधलेलं नाही. राहायची सोय आधी आणि देव नंतर, असं हे घर आहे."

आत जायचं की नाही हा माझ्यापुढे प्रश्न होता. तुम्हालाही पडेल म्हणून लिहिते. सम्यक्त्वाच्या दृष्टीने अन्य देवांना पूज्य मानून नमस्कार करायचा नाही, हे आपण शिकलो. मी मनात नवकार धरला आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर जसा वडीलधाऱ्यांना हात जोडतो तसे हात जोडले. उदबत्ती लावली नाही. कुणी लाव म्हटलंही नाही.

वर सगळं लाल आणि सोनेरी. तेलाचा दिवा, उदबत्त्यांची राख, पुढे संत्री ठेवलेली. बांबूच्या काड्यांचा डबा हलवून कौल लावतात. मुख्य देव कुआन कुंग. हा तिसऱ्या शतकातला खरा सेनापती होता. दिलेला शब्द मोडला नाही म्हणून लोकांनी त्याला देव केलं. आणि गंमत बघा, लढवय्या असूनही तो व्यापाऱ्यांचा देव आहे. चिनी व्यापाऱ्यांत समजूत अशी की जमाखर्चाची वही त्यानेच सुरू केली. माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये आमच्या वहीचं पान होतं.

तिथे कुआन यिन देवीही आहे. भाचीने सांगितलं की ही मूळची आपल्याकडचीच. बौद्धांचे अवलोकितेश्वर चीनमध्ये गेले आणि शतकांनी तिथे आईच्या रूपात पुजले जाऊ लागले. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत त्यांचा एक पट कोरला आहे. त्यात सिंह, साप, आग, बुडणारं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्यांचा धावा करतात. समुद्रावर जगणाऱ्यांनी ही देवी का धरली ते लगेच कळलं. तिला मानणारे बरेच जण अमावास्या-पौर्णिमेला मांसाहार करत नाहीत. आपली आठम-चौदस आठवली.

एका कोपऱ्यात पूर्वजांसाठी कागद जाळायची जागा होती. कागदी नोटा जाळल्या की त्या मेलेल्यांना पोचतात अशी त्यांची श्रद्धा. मला ते बघवलं नाही. कागदाला पाय लागला तरी आपण ज्ञानाची आशातना म्हणून डोक्याला लावतो, आणि इथे अग्नीत! मग लक्षात आलं की हा कागदसुद्धा मुळात त्यांचाच. कागद करण्याची विद्या चीनमधूनच जगभर गेली. आपल्या जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता, ती विद्याही तिथूनच हातोहात आलेली. आमच्या वह्यासुद्धा त्याच विद्येवर उभ्या.

तिथे एक वयस्कर बाई आल्या होत्या. पांढरे केस, फुलांचा झगा, आणि हिंदी-मराठी अगदी डॉकयार्डची. मी धीर करून सगळी गोष्ट सांगितली. फोटो दाखवले. वहीचं पान त्यांनी बराच वेळ पाहिलं, मला वाचून दाखवायला लावलं. कापडाच्या फोटोवर बोट फिरवलं. मग हसून म्हणाल्या, "बाई, हे आमचे लोक नाहीत. आम्ही कँटनवाले. आमचे सुतार, बोटीवरचे, हॉटेलवाले. रेशीम विकणारे शांतुंगचे. खूप लांब, वर उत्तरेला. दात बसवणारे आणि कागदी फुलं विकणारे हुपेहवाले. चपला आणि चामड्याचं काम हाक्का लोकांचं. त्यांची भाषापण आम्हाला कळत नाही."

मी गप्प झाले. पर्समध्ये पाकिटात वेगळे काढलेले पैसे होते. वाटलं होतं, चिनी माणसाचं देणं चिनी देवळात देऊन टाकू, हिशेब मिटेल. म्हणजे कुणीतरी आमच्या घराचं देणं 'मारवाडी' म्हणून मेवाडातल्या कुठल्याही घरी देऊन यावं तसं झालं. आम्ही त्याचं नाव लिहिलं नाही, गाव विचारलं नाही. वहीत गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बापाचं, आळीचं नाव आहे. वर्षानुवर्षं दारात पाणी पिणाऱ्या माणसाचं मात्र नुसतं 'चिनी कापडवाला'.

मी विचारलं, तो परत का आला नसेल? बाई म्हणाल्या, "कसा येणार? फिरायलाच बंदी झाली. माझ्या वडिलांना पोलिसांत हजेरी द्यायला लागायची. आम्ही मुलं शाळेत गप्प बसायचो. पुष्कळ लोक गेले, हाँगकाँग, कॅनडा." भाचीने पुढचं सांगितलं. त्या वेळी सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत बहुतेक आसाम-बंगालकडचे, बायकामुलांसह राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींना तिथे चार-पाच वर्षं काढावी लागली. इथेच जन्मलेली माणसं होती त्यांत.

देवळी. म्हणजे राजस्थान, आपल्या पूर्वजांच्या मुलखात. तिथल्या आपल्या माणसांच्या दुकानातूनच त्या छावणीत धान्य-मसाला गेला असेल की काय, असं उगाच मनात आलं.

ते पाकीट मी तिथल्या पेटीत टाकलं नाही. त्या बाईच म्हणाल्या, "त्याचं आहे, त्याच्यासाठीच ठेवा." निघताना त्यांनी प्रसादाची संत्री दिली. मी त्यांना खाखरे दिले. म्हणाल्या, "हे मेथीचे का? आमच्या खालच्या गुजरातीण द्यायच्या."

परतीच्या लोकलमध्ये मी भाचीला विचारलं, हे चार परगण्यांचे लोक एवढ्या लांब मुंबईला आले तरी का? ती म्हणाली, "गरिबीने, मामी. अफूची युद्धं, मग बंडं, आपसातल्या मारामाऱ्या, पूर. एकोणिसाव्या शतकात त्या भागातली माणसं जगभर पांगली." ती सहज बोलली. मी मात्र खिडकीबाहेर बघत मनात वाट मोजत होते. देरासरापासून त्या देवळापर्यंत आम्ही मधले थांब धरून दोन तासांत आलो. मधे समुद्र होता, कँटन होतं, शंभर वर्षं होती. पण वाट एकच. आपल्या एका पुण्यवान शेठच्या जहाजांनी जिथे माल नेला, तिथून उठून आलेल्या माणसांनी त्याच माझगावात वर्गणी काढून डोक्यावर छप्पर केलं. हा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटलं, त्यांच्यात कागद जाळला की मेलेल्याला पैसे पोचतात, आपल्यात काही पोचत नाही. आपण श्राद्ध मानत नाही. ज्याचं कर्म त्याच्याजवळ. बाई म्हणाल्या, "पोचत नाही, पण आपल्याकडचं सुटतं तर. देणं आपलं आहे, ते आपणच उतरवायचं."

शेवटी आम्ही असं केलं. ज्या पांजरपोळात आमचं घर दरवर्षी जीवदयेला देतं, तिथे 1151 रुपये पाठवले. पावतीवर नाव घातलं 'चिनी कापडवाला, शांतुंग', आणि खाली 'हस्ते' आमचं घर. पावती लिहिणाऱ्याने फोन करून विचारलं, नाव बरोबर आहे ना? बरोबर आहे म्हटलं. बाईंनी विचारलं, "व्याज धरलंस का?" मी म्हटलं, बाई, साठ वर्षांचं चक्रवाढ धरलं तर मला पेन्सिल लागेल. त्या हसल्या आणि पुढच्या पर्युषणातही याच नावाने पावती फाडायची असं ठरवून टाकलं.

वहीत त्या कोऱ्या पानावर मी शाईने आजची तारीख घातली, पावतीचा नंबर लिहिला. 'चुकते' असा शब्द मात्र लिहिला नाही. कापड पेटीतच आहे. मुलाला दोन्ही दाखवून ठेवलंय.

आणि एक बदल माझ्यापुरता. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात सातवं व्रत आलं की मी आता हळू म्हणते. विषवाणिज्याशी जरा थांबते. मोतीशा शेठसाठी नव्हे, माझ्यासाठी. आज आपण कशातून कमावतो, आपले पैसे कुठल्या कंपनीत गुंतलेत, आपल्या दुकानातून काय विकलं जातं आणि ते कुणाच्या घरी कसं पोचतं, एवढं तरी त्या एका श्वासात आठवावं. दान मोठं केलं म्हणून कमाईचा प्रश्न सुटत नाही, हे दादीजींना शाळेत न जाता कळलं होतं.

मुंबईत राहणाऱ्या बहिणींनो, कधी भायखळ्याला दर्शनाला गेलात तर अर्धा-पाऊण तास पुढे चालत जाऊन ते लाल घरही बघून या. कुणी राहतं तिथे, आवाज करू नका, चपला विचारून काढा. आणि तुमच्या जुन्या वह्यांत असं एखादं बिननावाचं खातं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. आमच्याकडे विचारायला उशीर झाला.

काही चुकीचं किंवा कुणाच्या मनाला लागेल असं लिहिलं गेलं असेल तर मिच्छा मि दुक्कडं.